हौ म्हटल्याशिवाय बॉल सुटत नाही

सगळ्यात आधी मॅडमचं नाव घ्यायला हवं. पण ते घेता येत नाही, कारण त्यांनीच बजावलंय, "लिहायचं ते लिही, माझं नाव कुठे टाकू नको, उद्या प्राचार्य विचारतील." म्हणून नुसतं मॅडम. मध्य प्रदेशातल्या बालाघाटच्या आमच्या कॉलेजच्या क्रीडा अधिकारी. त्यांनी मदत केली नसती तर मी आज इथं नसतो, कुठं असतो तेही सांगता येत नाही. त्यांच्यानंतर त्यांच्या आईंचं नाव, कारण त्यांच्या हातच्या मऊ भाताशिवाय माझी कावीळ उतरली नसती. आणि त्यानंतर कॉलेज समितीच्या अध्यक्षांसाठी मांडलेल्या लाल सोफ्याचं. सोफ्याचे आभार मानणारा मी पहिलाच असेन, पण त्यानंही आपला वाटा उचलला.

मी कोल्हापूरकडचा. आठवीत शाळा सोडली ती पुन्हा धरली नाही. खेळाची मैदानं रंगवणाऱ्या एका टोळीत लागलो. कोर्ट घासायचं, रंग ओतायचा, दोरी ताणून रेघा मारायच्या आणि पुढच्या गावाला निघायचं. असं करत करत बालाघाटच्या कॉलेजात बास्केटबॉलचं कोर्ट रंगवायला आलो आणि तिथं माझे डोळे पिवळे झाले. मला वाटलं, रंगच उडालाय. मी सारखा तोंड धूत बसलो. ठेकेदार माझ्यापेक्षा हुशार. त्यानं कावीळ ओळखली आणि टोळी घेऊन रायपूरला निघून गेला. जाताना म्हणाला, "बरा झालास की ये." कुठं यायचं ते काही बोलला नाही.

मॅडमनी मला खेळाच्या सामानाच्या खोलीत ठेवलं. अंथरायला उंच उडीची गादी. एवढ्या जाड गादीवर मी आयुष्यात झोपलो नव्हतो. घाबरून सारखा कडेला सरकायचो, आपण काहीतरी सरकारी वस्तू खराब करतोय असं वाटायचं. मॅडमच्या आई डब्यात भात आणि ताक पाठवायच्या, आणि एकदा स्वतः आल्या तेव्हा दारातूनच म्हणाल्या, "खाय ना बाबा, काहून लाजून राह्यला? तुह्या मायनं दिलं असतं तं असाच लाजला असता का?" मी भिंतीकडं तोंड करून जेवलो. डोळ्यांत पाणी आलं ते त्यांना दिसू नये म्हणून. पिवळ्या डोळ्यांतलं पाणी कसं दिसतं कोण जाणे.

बरा झाल्यावर मॅडमनी प्राचार्यांना पटवलं, की एवढं नवं कोर्ट झालंय तर त्याला सांभाळायला माणूस नको का? असा मी रोजंदारीवर राहिलो. झाडायचं, जाळ्या बांधायच्या, बॉलमध्ये हवा भरायची, पुसट झालेल्या रेघा पुन्हा मारायच्या. घरी फोनवर मी सांगितलं, "कॉलेजात आहे." आईनं गल्लीभर सांगितलं की पोरगं पुन्हा शिकायला लागलं. ते मी आजवर दुरुस्त केलेलं नाही.

मॅडमबद्दल एक सांगायला हवं. त्यांचा खरा खेळ हॉकी. एकेकाळी विद्यापीठाकडून खेळलेल्या. त्यांच्या कार्यालयाच्या दारामागं अजून एक हॉकी स्टिक उभी असते, मुठीवरची पट्टी झिजून काळी झालेली. पण कॉलेजात मुलींची हॉकीची टीम कधी उभीच राहिली नाही. कधी सात मुली जमायच्या, कधी आठ, आणि त्यातल्या दोघींची लग्नं ठरायची. मग बास्केटबॉलचं कोर्ट मंजूर झालं आणि तो खेळ मॅडमच्या गळ्यात पडला. मॅडम उंचीनं एवढ्याशा की टीमबरोबर फोटो काढला तर पोरांना खाली बसवावं लागतं, नाहीतर मॅडम कोणाच्या तरी कोपराआड जातात.

आमची टीम चांगलीही नव्हती आणि अगदी वाईटही नव्हती. म्हणजे दर वर्षी पहिल्या फेरीत व्यवस्थित हरायची. कोणाला त्याचं काही वाटायचं नाही. पण त्या वर्षी समितीच्या बैठकीतून मॅडम परत आल्या त्या थेट कोर्टावर, आणि चपला काढून मधल्या गोलात उभ्या राहिल्या. एरवी त्या शुद्ध पुस्तकी बोलतात, पण घाबरल्या की घरची बोली बाहेर येते.

"पाह्य रे, समितीत ठरलं. यंदा पहिल्या फेरीत हरलो तं हे कोर्ट बंद. इथे पोट्ट्यांच्या गाड्या लावायला पत्र्याची शेड."

मी झाडू धरून उभा राहिलो. कोर्ट बंद म्हणजे मी बंद. शेडला रेघा मारायला एक दिवसाचं काम निघालं असतं, तेवढंच. आणि मग? घरी जायचं तर आईला काय सांगायचं, कॉलेज संपलं?

"मग जिंकायचं कसं, मॅडम?"

"आपले उंच पोट्टे सगळे बास्केटखाली जाऊन उभे राहतात. बोरीच्या झाडाखाली बकऱ्या उभ्या राहतात तसे. अन् जो लांबून मारतो तो माझ्याएवढा. समोरच्यानं नुसता हात वर केला की बॉल गेला. मले लांबून मारणारा पाहिजे अन् उंच पाहिजे. दोन्ही एकाच अंगात."

लांबून म्हणजे कोर्टावरच्या मोठ्या अर्धगोल रेघेबाहेरून. तिथून बॉल पडला की दोनाऐवजी तीन गुण मिळतात. ती रेघ मीच मारलेली. मारताना वाटलं नव्हतं की एक दिवस माझी भाकरी तिच्यावर अडकेल.

"असली पोरं मोठ्या कॉलेजात जातात, मॅडम."

"म्हणून तं तुले पाठवून राह्यली. मोठ्या कॉलेजवाले जिथे जात नाहीत तिथे जा. अॅडमिशन सुरू व्हायच्या आत आण."

"मी? मी आठवी आहे, मॅडम."

"मोजपट्टी वाचता येते ना?"

असा मी पोरं शोधायला निघालो. बरोबर कोर्ट आखायची लांब कापडी मोजपट्टी आणि कॉलेजची टोपी.

पहिली खेप तिरोडीला. स्टेशनावर एक असा उंच माणूस दिसला की माझा हात पट्टीकडं गेला. पाठमोरा होता. मी प्लॅटफॉर्मच्या टोकापर्यंत त्याच्या मागं गेलो. तो वळला तेव्हा कळलं की मिशा पिकायला लागल्यात. खाणीतला सुपरवायझर. "काय है भाई, पीछे-पीछे क्यों आ रहे हो?" मी घाबरून सगळं खरं सांगून टाकलं. तो हसत सुटला. म्हणाला, "मेरी बेटी बारहवीं में है. दोनों का एडमिशन साथ में करवा दो." मुलगी किती उंच आहे ते विचारायचं मला सुचलं नाही, आणि त्याचं दुःख मला अजून आहे.

रामपायलीला मंदिराच्या बाजूला एका पोराला भिंतीशी उभा करून मी पट्टी उलगडली. तेवढ्यात आजूबाजूची माणसं गोळा झाली. पट्टी घेतलेला परका माणूस म्हणजे जमीन मोजायला आलेला, असं ठरून गेलं होतं. दोन सख्खे भाऊ माझ्यासमोर बांधावरून भांडायला लागले. एक म्हणाला, "इथून मोजा, साहेब." दुसरा म्हणाला, "तिथून मोजाल तं याद राखा." मी म्हटलं, मी पोरगा मोजायला आलोय. त्यावर दोघं भाऊ एक झाले आणि माझ्याकडं असे बघायला लागले की मी पट्टी न गुंडाळताच बस गाठली. पट्टी मागून फरफटत येत होती.

मग मी पट्टी पिशवीत ठेवली आणि अक्कल लढवली. खेड्यातल्या घरांची दारं बुटकी. उंच माणूस वाकून आत जातो, पण कधीतरी विसरतो, आणि डोक्याचं तेल चौकटीच्या वरच्या लाकडाला लागतं. ज्या घराच्या चौकटीला तेलाचा डाग, त्या घरात उंच माणूस. हा शोध लागला तेव्हा मला स्वतःचा फार अभिमान वाटला. परसवाड्याच्या अलीकडं एका गावात असा डाग सापडला, चांगला काळाभोर, वर्षानुवर्षांचा. मी दार वाजवलं आणि विनयानं म्हणालो, "तुमच्या घरातल्या उंच माणसाला भेटायचंय."

आतून एक पाच पोरांची आई आली. खांद्यावर कळशी, चौकटीच्या वर कपाळ. तिनं वाकून मला पाहिलं. "कायले?" ती म्हणाली.

मी म्हटलं, पाणी मिळेल का. पाणी पिऊन निघालो.

उंच पोरं भेटलीच नाहीत असं नाही. भेटली, पण त्यांच्या डोक्यात एकच, पोलीस भरती. सकाळी रस्त्यानं धावतात, संध्याकाळी रस्त्यानं धावतात. बॉल दिला तर छातीशी धरून धावतात.

त्याच गावाच्या दुसऱ्या टोकाला एका घराची शाकारणी चालली होती. उन्हाळा संपत आला की इथं छपरावरचे कवेलू, म्हणजे आमच्याकडची कौलं, काढून, फुटके बदलून पुन्हा रचतात. बाप छपरावर. खाली आई ढिगातून कवेलू उचलून द्यायची, आणि पोरगा ते वर फेकायचा. पोरगा एवढा उंच की त्याच्या डोक्याला छपराची कड लागू नये म्हणून तो अंगणाच्या पार टोकाला उभा होता. तिथून फेकायचा. हात वर जायचा, मनगट शेवटी हलकंच वाकायचं, कवेलू गिरकी न घेता वर जायचा, वर जाऊन क्षणभर थांबल्यासारखा व्हायचा, आणि बरोबर त्या क्षणी बापाचे हात तिथं असायचे. झेलल्याचा आवाजसुद्धा यायचा नाही.

मी सावलीत बसलो आणि बघतच राहिलो. मॅडम पोरांना शिकवताना घसा कोरडा करतात, मनगट, मनगट, बॉल वर जाऊ दे, आणि हा इथं मातीचे कवेलू फेकतोय.

"कोन जी तुम्ही?" बाप वरून ओरडला.

मी कॉलेज, टीम, बास्केटबॉल असं सगळं सांगितलं. पोरगा बारावी पास निघाला, ते ऐकून मला देवच भेटला. पण आईनं हातातला कवेलू खाली ठेवला आणि मला आपादमस्तक न्याहाळलं.

"कॉलेजात सर हाय का तुम्ही?"

"नाही. मी रेघा मारतो."

"शिकले किती?"

आता खोटं बोलावं असं फार वाटलं. पण तिची नजर माझ्या आईसारखी होती. "आठवी," मी म्हटलं.

आईनं वर छपराकडं बघितलं. मग छपरावरून बापाचा आवाज आला, "ऐकलं का वो? आठवी शिकून हा मानूस कॉलेजात हाय. अन् आपला पोट्टा बारावी होऊन कवेलू फेकून राह्यला. पाठवून दे त्याले!"

माझ्या आठवीचा कोणाला उपयोग झाला असा तो माझ्या आयुष्यातला पहिला दिवस.

"पन पह्यले छप्पर पूरं झालं पाह्यजे," बाप म्हणाला. "चढा वरते. माह्ये गुडघे गेले. तुम्ही झेला."

मला उंचीची भीती वाटते. रेघा जमिनीवर असतात म्हणून तर मी त्या कामात आहे. पण चढलो. वाशावर बसलो. खाली पोरगा कवेलू घेऊन उभा. फेकेना.

"टाक की!" मी म्हटलं.

तो नुसता बघत राहिला.

"हौ म्हना," बाप झाडाखालून म्हणाला. तो आता खाटेवर आडवा होऊन चहा पीत होता. "वरच्यानं हौ म्हटल्याबिगर खालच्याचा हात सुटत नाही. एक डाव यानं तसाच फेकला, तवा मी बिडी पेटवून राह्यलो होतो. हे पाह्य." त्यानं कपाळावरची खूण कौतुकानं दाखवली. "तवापासून पक्कं बसलं त्याच्या डोक्यात."

हौ म्हणजे इथलं हो. मी म्हटलं, "हौ." कवेलू अलगद माझ्या हातात आला. पुन्हा "हौ." पुन्हा आला. सगळं छप्पर होईपर्यंत मी वर होतो, आणि उतरलो तेव्हा पोरगा पहिल्यांदा बोलला. म्हणाला, "तुमचा हौ चांगला हाय, दादा." कोल्हापुरी माणसाच्या तोंडातल्या 'हौ'ची अशी तारीफ पुन्हा होणं नाही.

जुलैत त्याची अॅडमिशन झाली. मॅडमनी त्याला रेघेबाहेर उभा केला, हातात बॉल दिला आणि म्हणाल्या, "मार."

तो उभाच. बास्केटकडं बघतोय. टीममधली पोरं एकमेकांना कोपरानं ढोसायला लागली.

"काहून रे? फेक ना!"

"वर कोन हाय, मॅडम?"

मॅडमनी माझ्याकडं बघितलं. मी गुपचूप शिडी आणली, बोर्डाला लावली, चढलो आणि जाळीखाली हात धरून म्हणालो, "हौ." बॉल रिंगला न लागता जाळीतून माझ्या हातात पडला. पुन्हा हौ, पुन्हा बॉल. कॅप्टन म्हणाला, "अबे, ये तो मशीन है."  मॅडम खाली बसल्या आणि बुटाची नाडी बांधायला लागल्या. ती बांधलेलीच होती.

पण मॅचमध्ये शिडी कशी लावणार? मग त्याची सवय मोडायचे प्रयत्न सुरू झाले. बोर्डावर जुना शर्ट टांगून बघितला. पोरगा म्हणाला, "हा बोलत नाही." कॅप्टननं माझा हौ मोबाईलमध्ये भरला आणि मोबाईल खांबाला बांधला. तो हौ हौ करायला लागला तसा पोरगा फेकायला लागला. मोबाईल थांबेना, हाही थांबेना. बॉल संपले तेव्हा त्यानं कॅप्टनची पाण्याची बाटली फेकली. तीही आत गेली.

एवढं मात्र जमलं की शिडी सुटली. मी बोर्डामागं जमिनीवर उभा राहिलो आणि हौ म्हटलं तरी चालायला लागलं. मॅडम म्हणाल्या, "चालते. ओरडायला कुठे मनाई आहे?"

स्पर्धा त्या वर्षी नेमकी आमच्याच कॉलेजात. म्हणजे माझ्याच रेघांवर. मी त्या पहाटेच उठून पुन्हा मारल्या. यजमान म्हणून मॅडमना टीमच्या बेंचवर बसता येत नव्हतं, तिथं वाणिज्यचे एक सर बसले, ज्यांना बॉल गोल असतो एवढंच माहीत होतं. मॅडम मांडवात, निळी रेशमी साडी, छातीवर बिल्ला, समितीच्या अध्यक्षांशेजारी त्या लाल सोफ्यावर. मांडव एका बास्केटच्या मागं. समोरची टीम बाहेरची, एकेक पोरगा विजेच्या खांबासारखा.

पहिल्या हाफमध्ये आमचं बास्केट लांबच्या बाजूला होतं. मी त्याच्यामागं. पोरगा रेघेबाहेर बॉल घ्यायचा, मी हौ म्हणायचो, तो फेकायचा. विजेचे खांब हात वर करायचे, बॉल त्यांच्याही वरून जायचा. आम्ही हरत नव्हतो! हे इतकं नवीन होतं की आमची पोरं फळ्यावरचे गुण पुन्हा पुन्हा वाचत होती.

मग बाजू बदलली. मी मांडवाकडच्या बास्केटमागं येऊन उभा राहिलो, आणि तेवढ्यात समोरच्या टीमचे सर पंचांकडं गेले. "सर, इनका एक आदमी हर शॉट पे चिल्लाता है. हमारे लड़के डिस्टर्ब हो रहे हैं."

पंच माझ्याकडं आले. "आप कौन?"

मी काय सांगणार? खेळाडू नाही, सर नाही, विद्यार्थी तर नाहीच नाही. म्हटलं, "मैं रेघ मारता हूँ."

"लाइन के बाहर जाइए," पंच म्हणाले. "बल्कि दीवार के बाहर."

मी मॅडमकडं बघितलं. त्यांनी डोळ्यांनी सांगितलं, जा. आवाराच्या भिंतीबाहेर पोरांच्या गाड्या लावल्या होत्या. मी त्या गाड्यांमध्ये उभा राहिलो. उद्यापासून या गाड्या आत आणि मी बाहेर, असं मनात आलं. आतून नुसते आवाज येत होते. बॉल आपटल्याचा. मग आपटायचा थांबल्याचा. मला दिसत नव्हतं तरी दिसत होतं, तो रेघेबाहेर बॉल घेऊन उभा आहे आणि वर कोण आहे ते शोधतोय. शिट्टी. फार वेळ धरला म्हणून बॉल समोरच्यांना. पुन्हा तेच. पुन्हा शिट्टी. लोक हसायला लागले.

आणि मग एक आवाज आला.

"हौ!"

बाईचा आवाज. हॉकीच्या मैदानावर या टोकापासून त्या टोकाला पोहोचणारा. पाठोपाठ टाळ्या.

नंतर मला शिपायानं सांगितलं की अध्यक्ष तेव्हा मॅडमना चहा हवा का विचारत होते. पुढं प्रत्येक 'हौ'ला त्यानं इमानदारीत एकेक कप आणून ठेवला. शेवटी मॅडमपुढं कपांची रांग लागली होती. पंच सोफ्याकडं बघत होते, पण अध्यक्षांच्या शेजारी बसलेल्या बाईंना भिंतीबाहेर काढायची त्यांची हिंमत होईना.

भिंतीबाहेर मी फक्त हौ मोजत होतो, म्हणजे मोजत नव्हतो, प्रत्येकाबरोबर श्वास सोडत होतो. हौ. टाळ्या. हौ. "अरेरे." हौ. टाळ्या. पण आवाज बसत चालला होता. आधी फाटका झाला, मग खरखरला. मग एकदा नुसती हवा आल्यासारखं झालं. आतून कोणीतरी ओरडलं, "आख़िरी बॉल! एक पॉइंट पीछे हैं!"

मला राहवलं नाही. कोणाच्या तरी मोटारसायकलच्या सीटवर चढलो आणि भिंतीवरून डोकं काढलं. उंचीची भीती तेव्हा कुठं गेली होती कोण जाणे. पोरगा माझ्या रेघेबाहेर उभा, हातात बॉल, समोर दोन खांब हात पसरून. तो मांडवाकडं बघत होता. मॅडमचं तोंड उघडं होतं, आवाज नव्हता. मी ओरडायला गेलो तर माझ्याही घशातून काही निघेना. नेहमीचंच. खरी वेळ आली की माझं असंच होतं.

तेव्हा मॅडम सोफ्यावर चढल्या.

चपला घालून, रेशमी साडीत, अध्यक्षांच्या शेजारी. अध्यक्षांनी दोन्ही हातांनी आपला हार सावरला. मॅडमनी पदर खोचला, दोन्ही हात वर केले आणि ओंजळ धरली, छपरावरचा माणूस धरतो तशी. सगळ्या गर्दीच्या वर फक्त ते दोन हात. आयुष्यात पहिल्यांदा मॅडम सगळ्यांत उंच दिसत होत्या.

पोराचा हात सुटला.

बॉल वर गेला, क्षणभर थांबल्यासारखा झाला. मी मोटारसायकलवरून पडलो ते त्याच क्षणी, म्हणून आत जाताना मला दिसला नाही. ऐकू आला.

दुसऱ्या दिवशी दुसऱ्या फेरीत आम्ही हरलो, आणि इतके वाईट हरलो की समोरच्यांनाच लाज वाटली. मॅडमचा आवाज नव्हता, पंच नवे होते, मी पुन्हा भिंतीबाहेर होतो. पण पहिली फेरी पार झाली होती. अध्यक्ष जाताना सोफा दाबून बघत म्हणाले, "स्प्रिंग तो गई, मैडम. शेड का अगले साल देखेंगे." इथं 'पुढच्या वर्षी बघू' म्हणजे काय ते सगळ्यांना कळतं. कोर्ट आहे. मी आहे. त्या पोरानं आता स्वतःच पुटपुटत हौ म्हणायला शिकून घेतलंय. मला थोडं वाईट वाटलं, पण ते बरंच झालं.

मॅडमचा आवाज बरेच दिवस बसलेला होता. मी त्यांच्या आईंनी दिलेला काढा घेऊन कार्यालयात गेलो. आभार मानायचे होते. गादीपासूनचे सगळे, भाताचे, ताकाचे, त्या शेवटच्या ओंजळीचे. जमले नाहीत. माझी नजर दारामागच्या हॉकी स्टिककडं गेली. तिच्यावर धूळ होती. मी रुमालानं पुसली आणि पुन्हा जागेवर ठेवली. मॅडमनी हातानंच विचारलं, काय?

तेव्हा जे बोलता आलं नाही ते इथं लिहून ठेवतो. मॅडम, मला पोरं शोधायला तुम्ही शिकवलंत. एक दिवस मी तुमच्यासाठी अकरा मुली शोधून आणीन. लग्नं ठरलेल्या नकोत म्हणून आयांशी आधीच बोलून घेईन, आणि राखीव म्हणून वर दोन-तीन जास्तीच्या. परसवाड्याच्या बाजारात बकऱ्या वळवायला काठी फिरवणारी एक पाहून ठेवली आहे. उंची विचारणार नाही. आणि ज्या दिवशी त्या मैदानात उतरतील, त्या दिवशी रेघा मी मारीन, आणि तुम्ही सोफ्यावर बसायचं नाही, स्टिक घेऊन आत यायचं.